घाट उतरताना आपलं वळण कसं तपासायचं: रोड सायकलवाल्यांसाठी पायरीपायरीने

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. उतरणाऱ्याला असा किताब नाही, आणि नाही तेच बरं. पण चढलेल्याला उतरावं लागतंच, आणि ते मात्र आपण कोणाकडून शिकत नाही. चढ कसा मारायचा यावर ग्रुपमध्ये तासन्‌तास चर्चा होते. उताराबद्दल दोनच सल्ले मिळतात: ‘बिनधास्त सोड’ किंवा ‘ब्रेक धरून ये’. दोन्ही निरुपयोगी आहेत.

तुम्ही वर्षभर रोड सायकल चालवताय, सिंहगड किंवा पसरणी चढता, पण उतरताना वळणावळणाला पोटात गोळा येतो, खाली पोचेपर्यंत बोटं आखडतात आणि बरोबरचे लोक कधीच पुढे निघून गेलेले असतात, तर हा लेख तुमच्यासाठी. इथे वेग वाढवायचं तंत्र नाही. आपण वळण कसं घेतो हे व्हिडिओ आणि आकड्यांवरून स्वतःचं स्वतः कसं तपासायचं, ते आहे. वळणात जे बिघडतं, ते जवळजवळ नेहमी वळणाच्या आधीच्या तीस-चाळीस मीटरमध्ये बिघडलेलं असतं. त्यामुळे सायकल किती झुकली हे बघत बसू नका. ब्रेक कुठे सुटला ते शोधा.

## १. एक घाट, त्यातली दोनच वळणं

अख्खा घाट तपासायला घेतलात तर हाती काही लागणार नाही. एक डावं आणि एक उजवं, अशी दोन वळणं निवडा.

मी उदाहरणासाठी वाई–पाचगणीचा पसरणी घाट धरतो. उतार फार खडा नाही, वळणं मोकळी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी खालचा रस्ता वरून दिसतो. सिंहगडाचा रस्ता त्याहून खडा आणि अरुंद. शिकायला तिथून सुरुवात करू नका. ताम्हिणी, वरंधा पावसाळ्यानंतर कोणत्या अवस्थेत असतील हे जाऊनच कळतं.

वळण निवडताना तीन गोष्टी बघा: पलीकडून येणारी गाडी आधी दिसायला हवी, बाहेरच्या बाजूला कठडा शाबूत हवा, आणि वळणाच्या आधी रम्बलर किंवा गतिरोधक नको. वेळ पहाटे उजाडल्यावरची, वार शनिवार-रविवार सोडून कोणताही. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरची गर्दी सुरू झाल्यावर पसरणीत असले प्रयोग करणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

## २. सोबत काय हवं

- हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा
- जीपीएस सायकल कॉम्प्युटर, किंवा नोंद करणारं ॲप असलेला फोन
- चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, बसणारा स्पीड सेन्सर (याचं कारण पाचव्या पायरीत)
- छातीला किंवा हँडलला लावायचा ॲक्शन कॅमेरा. नसेल तरी चालेल
- फोन घेऊन वळणावर उभा राहणारा एक मित्र. याच्याशिवाय चालणार नाही
- खडू, वही, हवेचा दाब दाखवणारा पंप
- ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड. हे सगळं फोनमध्ये नको, खिशात हवं, कारण पडल्यावर फोन लॉक असतो
- १०८ आणि ११२ हे नंबर मित्रालाही माहीत असू देत, आणि त्या वळणावर रेंज आहे का ते आधी बघा

## ३. सायकल आधी तपासा

कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा? हसू नका. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, पण बाहेरून आणलेल्या किंवा सेकंड-हँड घेतलेल्या सायकलीत उलटही सापडतो. मित्राची सायकल घेऊन घाट उतरणाऱ्यांनी तर हे नक्की बघावं.

ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागात, हात असताना लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात का? लहान हातांच्या लोकांची निम्मी भीती इथून येते. बहुतेक नव्या लिव्हरना आत घ्यायचा छोटा स्क्रू असतो. दुकानात पाच मिनिटांत काम होतं.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो. तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. दगडासारखा कडक टायर खडबडीत डांबरावर टणटण उडतो आणि उडालेल्या टायरला पकड नसते. प्रत्येक फेरीला दाब तोच ठेवा आणि वहीत लिहा, नाहीतर दोन फेऱ्यांची तुलनाच करता येणार नाही.

## ४. वळण आधी पायी चाला

हे कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. सायकल बाजूला लावा आणि साईडपट्टीवरून वळण वरून खाली चालत या.

बारीक खडी कुठे साचली आहे? गाड्यांच्या चाकांनी ती बाहेर फेकली जाते आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला, किंवा दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात जमते. चढणाऱ्या अवजड गाड्यांचं डिझेल, तेल कुठे सांडलंय? डोंगराच्या बाजूने पाणी झिरपतंय का, तिथे शेवाळ आहे का? पांढरे-पिवळे पट्टे जाड रंगाचे असतात आणि ओले झाले की साबणासारखे. माकडांना खाऊ घालायची जागा जवळ असेल तर केळीची सालं आणि माकडं, दोन्ही रस्त्यात.

मग खडूने साईडपट्टीच्या कडेला खुणा करा, रस्त्याच्या मध्ये नको. वळण जिथे सुरू होतं तिथे एक, तिथून मागे दहा, वीस, तीस आणि चाळीस मीटरवर एकेक, आणि वळणाच्या मध्यावर एक. वळणात पुढे किती मीटर दिसतं तेही वहीत लिहा. अंतर मोजायला टेप लागत नाही. ७०० बाय २८ चा टायर एका फेरीत साधारण २.१४ मीटर जातो. व्हॉल्व्ह खाली ठेवून सायकल ढकलत न्या आणि फेऱ्या मोजा.

## ५. नोंद करा: फोटो कशाचा, आकडे कशाचे

मित्र कुठे उभा राहील? रस्त्याच्या बाहेर, कठड्याच्या आत, वळणानंतरच्या सरळ भागात, जिथून तुम्ही समोरून येताना दिसाल. दुसऱ्या फेरीत वळणाच्या आधी, पाठीमागून. फोन सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर; ३० फ्रेममध्ये दर फ्रेमला तुम्ही ३३ सेंटिमीटर सरकता, ६० मध्ये सतरा. ब्रेकवरची बोटं सुटली कधी हे बघायला तेवढा बारकावा लागतो. मित्राचं अजून एक काम: खालून गाडी येत असेल तर शिट्टी. शिट्टी वाजली की फेरी रद्द, वळणाआधी थांबायचं. इथे मैत्रीत वाद नको.

ॲक्शन कॅमेऱ्याचा सापळा. क्षितिज सरळ ठेवणारी सोय बंद करा. ती चालू असेल तर कॅमेरा तुमचं झुकणं पुसून टाकतो आणि वळण बागेत फिरल्यासारखं दिसतं. रुंद लेन्सही टाळा. तिच्यात कडेचं सगळं ताणलं जातं आणि वेग खोटा वाटतो. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन मात्र चालू ठेवा.

जीपीएसचा सापळा. घड्याळ किंवा कॉम्प्युटर सेकंदाला एक नोंद करतो, तीही ‘दर सेकंदाला’ हा पर्याय निवडला असेल तरच. दहा मीटर त्रिज्येचं यू-वळण म्हणजे सुमारे ३१ मीटरचा कंस. ताशी २५ ने तो साडेचार सेकंदांत संपतो. अख्ख्या वळणाच्या चार-पाच नोंदी, त्यातही डोंगराच्या आडोशाने काही मीटर इकडेतिकडे. म्हणून नकाशावर दिसणाऱ्या रेषेवरून ‘मी आतून गेलो की बाहेरून’ हे ठरवू नका. ती रेषा व्हिडिओतून बघायची. वेग हबच्या सेन्सरमधून घ्यायचा, तो उपग्रहावर अवलंबून नसतो.

आणि स्ट्राव्हा ॲपवरचा उताराचा सेगमेंट, म्हणजे वेळ मोजला जाणारा ठराविक टप्पा? त्याकडे बघूसुद्धा नका. पाच किलोमीटरचा वेळ तुम्हाला एका वळणाबद्दल काहीच सांगत नाही. एसटी मागे अडकलात की नाही एवढंच सांगतो.

प्रत्येक वळणाच्या तीन फेऱ्या पुरेत. पहिली हळू, बाकीच्या दोन नेहमीच्या वेगाने. ‘आज जरा जोरात’ असं मनात आलं की घरी जा.

## ६. घरी बसून: ब्रेक कुठे सुटला

व्हिडिओ व्हीएलसीमध्ये उघडा; इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. कोन मोजायचे असतील तर विंडोजवर किनोव्हिया हे फुकट सॉफ्टवेअर आहे. वेगाचा आलेख गोल्डनचीताहमध्ये बघता येतो, तेही फुकट.

आता प्रत्येक फेरीसाठी चारच गोष्टी लिहा:

१. ब्रेक कोणत्या खुणेला धरला
२. ब्रेक कोणत्या खुणेला पूर्ण सुटला
३. सगळ्यात कमी वेग किती, आणि तो मध्याच्या आधी की नंतर
४. वळणातून बाहेर पडतानाचा वेग

व्हिडिओत बोटं नीट दिसत नसतील तर आवाज ऐका. रिम ब्रेकची घासर, डिस्कची किणकिण, आणि पॅडल थांबल्यावर फ्रीहबचा, म्हणजे मागच्या चाकाच्या हबचा, टकटकाट. टकटक थांबली की पॅडल पुन्हा सुरू झालं. निव्वळ आवाजावरून अख्ख्या वळणाचा हिशोब लागतो.

समजा पहिल्या फेरीत तुम्ही ताशी ४२ ने आलात, वळण सुरू झाल्यावरही ब्रेक धरलेला, सगळ्यात कमी वेग २४ आणि तोही मध्य ओलांडल्यावर, बाहेर पडताना २७. दुसऱ्या फेरीत ३८ ने आलात, वळणाआधी दहा मीटरवर ब्रेक सोडला, कमीत कमी वेग २७, मध्याच्या आधी, आणि बाहेर पडताना ३३. पहिली फेरी अंगावर जास्त ‘जोरात’ वाटते. मित्रालाही तीच भारी दिसेल. पण चांगली फेरी दुसरी, वेगानेही आणि सुरक्षिततेनेही.

कारण साधं आहे. टायरकडे पकड ठराविक असते आणि ब्रेक व वळण दोघांनाही तीच वाटून घ्यावी लागते. झुकलेल्या सायकलवर पुढचा ब्रेक जोरात धरलात तर पुढचं चाक निसटतं, आणि पुढचं निसटलं की सावरायला वेळ मिळत नाही. मागचा धरलात तर ते सहज लॉक होतं, कारण उतारावर ब्रेक मारताना मागच्या चाकावर वजनच उरलेलं नसतं. म्हणून जोर लावायचा तो सायकल सरळ असताना, मुख्यतः पुढच्या ब्रेकने, हळूहळू वाढवत, बूड मागे आणि छाती खाली. मग सोडायचा, आणि मगच झुकायचं. अगदीच चुकलं तर वळणात दोन्ही ब्रेक हलके धरता येतात, पण ते संकटातलं काम.

पूर्ण घाटभर ब्रेक हलका धरून ठेवायची सवय असेल तर आलेखात ती लगेच दिसते: वेगाची रेषा सपाट, बोटं कायम आवळलेली. यात रिम किंवा रोटर (डिस्क ब्रेकची चकती) तापतो आणि नेमकी गरज असते तेव्हा ब्रेक मऊ पडतो. थोडा वेळ जोरात धरा, मग पूर्ण सोडा. मधल्या वेळात हवा लागून तो निवतो. खाली पोचल्यावर रोटरला बोट लावून बघू नका.

## ७. रेषा: युरोपातले व्हिडिओ आरशात बघा

यूट्यूबवरचे बहुतेक धडे उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांतले. त्यांचं उजवं वळण ते आपलं डावं. हे लक्षात न घेता त्यांची रेषा उचललीत तर सरळ समोरच्या टेम्पोसमोर जाल.

दुसरा फरक याहून मोठा. २०२२ च्या इटलीतल्या मिलान–सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिचने पोज्जिओ टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकून शर्यत जिंकली, तेव्हा रस्ता शर्यतीसाठी बंद होता. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी अख्ख्या रस्त्याची रेषा त्यांना मिळते. आपल्याला मिळते ती आपली डावी अर्धी बाजू, त्यातही साईडपट्टीची खडी वगळून. फ्रेम थांबवून बघा: टायर त्या पट्ट्यात राहिला का? नसेल तर वेग कितीही छान असो, ती फेरी नापास.

डावं वळण. आपण आतल्या बाजूला, त्रिज्या लहान, आणि डोंगर असेल तर पुढचं दिसत नाही. आपल्या लेनच्या उजव्या भागातून या, उशिरा वळा, आतली कड वळणाच्या मध्यानंतर गाठा. लवकर वळलात तर बाहेर पडताना सायकल मधल्या पट्ट्यापलीकडे फेकली जाते. व्हिडिओत याची खूण पक्की असते: वळण संपताना खांदे अचानक ताठ आणि ब्रेक पुन्हा धरलेला.

उजवं वळण. त्रिज्या मोठी, दिसतंही जास्त, आणि म्हणूनच फसवं. डावीकडून येऊन मधल्या पट्ट्याच्या दिशेने जाता, पण पट्ट्याला चिकटू नका. टायर आपल्या बाजूला असला तरी झुकल्यावर डोकं पट्ट्याच्या पलीकडे असतं. पंचवीस अंश झुकलात तर डोकं टायरपासून अर्ध्या मीटरहून जास्त आत जातं. समोरून वळण कापत येणाऱ्या गाडीचा आरसा तिथेच असतो. पट्ट्यापासून निदान मीटरभर राखा.

यू-वळणावर वर येणारी एसटी अख्खा रस्ता घेते. तिला घ्यावाच लागतो. घाटात चढणाऱ्या गाडीला प्राधान्य, हा नियमही आहे. तेव्हा आधी थांबा, तिला जाऊ द्या.

## ८. मान, हात, पाय

समोरून घेतलेल्या व्हिडिओत सगळ्यात आधी हेल्मेट बघा. नाक कुठे आहे? पुढच्या चाकासमोरच्या रस्त्याकडे असेल तर वळण तुकड्यातुकड्यांत होतं: थोडं वळलं, सरळ, पुन्हा थोडं. चाकाची रेषा गोल न दिसता कोनाकोनाची दिसते. नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो त्या बिंदूवर हवी. तो बिंदू जवळ येत असेल तर वळण आवळतंय. पुढे पळत असेल तर मोकळं होतंय.

मग हात. ड्रॉप्समध्ये, कोपरं वाकलेली, एकेक-दोनदोन बोटं लिव्हरवर. कोपरं ताठ असतील तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा हँडलला जातो. बाहेरचा पाय खाली आणि त्याच्यावर वजन. आतलं पॅडल खाली राहिलं तर झुकल्यावर डांबराला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं.

सायकल वळते ती हँडल फिरवून नाही. डावीकडे जायचं तर डाव्या हाताने हँडल किंचित पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण मोकळ्या मैदानात ताशी वीसने करून बघा, लगेच पटेल. घाटात पहिल्यांदा करू नका.

टॉप ट्यूबवर, म्हणजे सीट आणि हँडलच्या मधल्या आडव्या नळीवर, बसून उतरणं, गुडघा बाहेर काढणं हे विसरा. २०१६ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत ख्रिस फ्रूम तसा बसून उतरला आणि टप्पा जिंकला खरा, पण १ एप्रिल २०२१ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीत तसं बसायलाच बंदी घातली आहे.

## ९. थोडी आकडेमोड

वळणाची त्रिज्या उपग्रह नकाशावर घरबसल्या काढता येते. वळणातल्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर मोजा, मग त्या रेषेच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर. पहिल्याचा वर्ग भागिले दुसऱ्याची आठपट, अधिक दुसऱ्याचा निम्मा. अंतर २० मीटर आणि फुगवटा ४ मीटर असेल तर त्रिज्या साडेचौदा मीटर.

या वळणावर ताशी २७ ने गेलात तर आडवा जोर गुरुत्वाच्या ०.४० पट आणि झुकाव साधारण २२ अंश. ताशी ३२.४ ने, म्हणजे फक्त वीस टक्के जास्त वेगाने, तोच जोर ०.५७ पट आणि झुकाव ३० अंश. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वीस टक्क्यांचे चव्वेचाळीस होतात. स्वच्छ कोरड्या डांबरावर पकड याच मापात ०.७ ते ०.८ च्या आसपास धरतात. ओल्यात बरीच कमी, खडीवर तर विचारू नका. आणि एवढं करून अर्धवर्तुळाच्या त्या वळणात वाचतो किती वेळ? एक सेकंद.

थांबायच्या अंतराचाही हिशोब करा. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि मग बऱ्यापैकी ब्रेक धरले तर ताशी ३० ला साधारण १७ मीटर, ४० ला २६–२७, ५० ला ३८. चौथ्या पायरीत चालताना वळणात पुढे किती मीटर दिसत होतं ते वहीत लिहिलेलं असेलच. ते अंतर या आकड्यापेक्षा कमी असेल तर तुमचा वेग जास्त आहे. इथे कौशल्याचा प्रश्नच येत नाही.

## १०. एका वेळी एकच बदल

पुढच्या खेपेला तेच वळण, तोच हवेचा दाब, तीच वेळ, आणि बदल एकच. सुरुवात कशाने करायची? ब्रेक सुटायच्या जागेने. ती वळणाच्या आत असेल तर दहा मीटर मागे आणा, त्यासाठी धरायची जागाही तेवढीच मागे न्या. प्रवेशाचा वेग कमी होईल, होऊ द्या. सलग काही फेऱ्यांत सगळ्यात कमी वेग मध्याच्या आधी यायला लागला की मग नजर, मग पाय, आणि रेषा सगळ्यात शेवटी.

दोन-तीन खेपांनंतर तुमचं एक वळण दुसऱ्यापेक्षा कच्चं आहे हे कळेल. बहुतेकांचं उजवं किंवा डावं यातलं एक कायम बिघडलेलं असतं, आणि त्यांना ते माहीत नसतं. कच्च्या बाजूला मैदानात चार बाटल्या ठेवून सराव करा, घाट वापरू नका.

उतारावर हँडल थरथरायला लागलं तर हा सगळा अभ्यास बाजूला ठेवा. टॉप ट्यूब दोन्ही गुडघ्यांनी दाबा, पकड सैल करा, मागचा ब्रेक हलका लावत वेग कमी करा. घरी येऊन हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि चाकं दुकानात दाखवा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वही मिटा. ओल्या घाटातले आकडे कोरड्याशी जुळत नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये तोच रस्ता नव्या खड्ड्यांनी, नव्या डांबराने वेगळाच झालेला असतो. तेव्हा चौथ्या पायरीपासून पुन्हा, पायी चालत.